बिनगवताचा घोडा

माझ्या स्टुलावर ती बसली होती.

स्टूल तसं इसाकभाई शिकलगारांचं. पण अकरा वर्षं दर गुरुवारी दुपारी त्यावर मीच बसत आले होते. आमच्या भागात तेव्हा गुरुवारी दिवसभर वीज नसायची. वीज नाही म्हणून पिको-फॉलची मशीन बंद, मशीन बंद म्हणून दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणून मी इसाकभाईंकडे. त्या दिवशी चपला काढून आत आले तर माझ्या जागेवर कुणीतरी बाई, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, मांडीवर मोठी पर्स, आणि इसाकभाई हसत होते. चांगले दात दिसेपर्यंत. अकरा वर्षांत मी त्यांना तसं दोनदाच हसताना पाहिलं होतं, आणि त्यातलं एकदा मी त्यांच्या अंगणात घसरून पडले होते.

"ये पद्मा," ते म्हणाले. "ह्या पोतनीसबाई. सांगलीच्या. ब्यांकेत हाफिसर हायत. घोड्याचं विचारायला आल्यात."

"चारुशीला म्हणा हो," ती म्हणाली. "चाचांनी तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय."

चाचा. मी अकरा वर्षं इसाकभाईंवरच थांबले होते. ही बाई अर्ध्या तासात चाचांपर्यंत पोचली होती.

ती उठायला लागली तशी मी नको नको म्हणत चटईवर बसले. तिथून तिच्या साडीचा फॉल बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आला. हातशिलाईचा होता, बारीक एकसारख्या टाक्यांचा. मी खोड शोधली. सापडली नाही.

घोड्यांचं आधी सांगायला हवं. मिरजेच्या बाहेर गजलक्ष्मी पॉटरी नावाचा कारखाना होता, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या करायचा. भट्टीत बरण्या रचल्या की मध्ये फटी राहतात. त्या फटी फुकट का तापवायच्या, म्हणून मालकांनी त्यात बोटभर उंचीचे घोडे भाजायला सुरुवात केली. मोठ्या बरणीवर एक घोडा मोफत. त्यामुळे आमच्याकडे त्या काळी असं घर नव्हतं, जिथं शोकेसमध्ये किंवा घड्याळाखाली पुढचा उजवा पाय उचललेला, मान किंचित वळवलेला एक पांढरा घोडा नाही. पुढे कारखाना बंद पडला, बरण्या फुटल्या, घोडे राहिले. लोकांना ते सगळे सारखेच वाटतात.

मलाही वाटायचे. लग्नानंतर माहेरचा घोडा सासरच्या घोड्याशेजारी ठेवला तेव्हा ध्यानात आलं की सासरच्याचे कान बोथट आहेत. मला त्याचा आनंद झाला, हे कबूल करते. मग मी जिथं जाईन तिथं घोडे बघायला लागले. हळदीकुंकवाला गेले की बायका बायकांशी बोलायच्या आणि मी शोकेसपाशी. शेवटी कुणीतरी सांगितलं की हे साचे ज्यानं केले तो माणूस अजून आहे, आणि मी इसाकभाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्यांनी मला शिकवलं. साचा प्लास्टरचा असतो. पातळ केलेली माती त्यात ओतायची, पाणी साचा पितो, घोडा उरतो. पण दर ओतण्याला साचा थोडा झिजतो. आयाळीच्या रेघा बुजतात, नाकपुडी भरते. नवा साचा केला की कुठेतरी काहीतरी बदलतं. रेघा मोजून, साच्याच्या दोन अर्ध्यांची खूण कुठून जाते ते बघून घोड्याचं साल सांगता येतं. त्या खुणेला ते 'सांधा' म्हणायचे, मी 'शिवण' म्हणायची. पहिल्यांदा ते हसले, मग दोनेक वर्षांनी स्वतःच शिवण म्हणायला लागले. मी नववीपर्यंत शिकलेली. घोड्यांच्या दोन वह्या मी भरल्या होत्या. कोल्हापूर, बार्शी, बेळगावहून लोक मला फोटो पाठवून साल विचारायचे. या विषयात सगळे मिळून आम्ही सहा जण असू, आणि सहांत पहिली मी. ज्या बाईचा वर्गात कधी तिसाच्या आतही नंबर आला नाही तिला सहांत पहिलं येणं काय असतं, ते तिलाच ठाऊक.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक घोडा होता जो मी कधी पाहिला नव्हता. बासष्ट साली इसाकभाई बावीस वर्षांचे होते, तेव्हा त्यांनी आयुष्यातला पहिला साचा केला. त्यातल्या घोड्याचा उचललेला पाय अगदी मोकळा, खाली काही नाही. भट्टीत तो पाय वाकायचा, म्हणून खुराखाली मातीची काडी लावायची आणि भाजून झाल्यावर ती टिचकी मारून पाडायची. तरी निम्मे घोडे लंगडे व्हायचे. मालक वैतागले. जे चाळीसेक धड निघाले ते दसऱ्याला कामगारांना वाटून टाकले, माणशी एक, आणि साचा फोडायला लावला. इसाकभाईंच्या वाटणीचा त्यांच्या धाकट्या भावानं आठ दिवसांत फोडला. त्यानंतरचे सगळे घोडे गवतवाले, म्हणजे उचललेल्या खुराखाली गवताचा झुपका असलेले, पाय त्यावर टेकलेला.

गवताचा साचा त्यांनी एका भाजलेल्या घोड्यावरूनच घेतला होता. माती भाजली की आकसते. म्हणजे पहिल्या घोड्यापेक्षा नंतरचे सगळे दहाव्या हिश्श्यानं लहान. हे कळलं तेव्हा आमच्या ह्यांनी मला प्लायवूडची एक फळी करून दिली, मधोमध चौकोनी खिडकी कापलेली. गवतवाला घोडा खिडकीतून आरपार जातो. पहिल्या साच्याचा अडकेल. अडकेल, असं आम्ही म्हणायचो. अकरा वर्षांत एकही अडकला नव्हता.

"माझ्याकडे बिनगवताचा आहे," ती म्हणाली.

मी हसले नाही, पण हसू आलं होतं. बिनगवताच्या घोड्याचा बोभाटा झाल्यापासून लोक कानशीनं गवत घासून काढायचे आणि आजोबांचा घोडा म्हणून आणायचे. असे चार मी पाहिले होते. प्रत्येकाबरोबर गोष्टही यायची. बरणीवर घोडा फुकट, तशी घोड्यावर गोष्ट फुकट.

तिचीही गोष्ट होती. तिचे वडील गजलक्ष्मीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. बासष्टच्या श्रावणात त्यांनी घर सोडलं, दुसऱ्या बाईसाठी. नोकरी वर्षअखेरपर्यंत केली आणि मग बेळगावला गेले ते गेलेच, तिथंच वारले. ते घर सोडून गेले तेव्हा ही पोटात होती. कार्तिकात जन्मली. आई तिला आयुष्यभर सांगत आली की बारशाच्या दिवशी ते आले होते. पाळण्यात घोडा ठेवला आणि पाणीही न पिता गेले. थोरला भाऊ दिनू तेव्हा सहा वर्षांचा. तो म्हणायचा, कुणी आलं नव्हतं, आईनं पुढे कधीतरी बरणी घेतली तेव्हा आलेला घोडा आहे, तुला वाईट वाटू नये म्हणून आई रचून सांगते. आई मागच्या वर्षी गेली.

"घोडा बासष्टच्या दसऱ्याचा असला तर बाबा आले होते," ती म्हणाली. "नंतरचा असला तर दादा खरा. मला तेवढंच कळायला हवंय. घोडा मोठा की छोटा, दुर्मीळ की कसा, ते मला नको."

तिनं घोडा त्या दिवशी आणला नव्हता. पुढच्या गुरुवारी आणते म्हणाली. मग मी पिशवीतून फळी काढली आणि भंगारवाल्याकडून आणलेले तीन घोडे एकामागून एक खिडकीतून घालून दाखवले. गेले आरपार. "हे सगळे एकाहत्तरनंतरचे," मी रेघा मोजून सांगितलं. तिनं लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. इसाकभाई म्हणाले, "हिचं नख भिंगापेक्षा तेज हाय. माझ्या हाताखालची पोरं हिच्या निम्म्यानं न्हवती." मी जरा विरघळलेच.

तेवढ्यात तिनं विचारलं, "चाचा, तो पहिला साचा तुम्ही कशानं कोरला होता?"

इसाकभाई उठले. पलंगाखालून लोखंडी पेटी ओढली, तळातून एक फडकं काढलं, आणि फडक्यातून एक पितळी कोरणी, बोटाएवढी, मुठीपाशी झिजून सोनेरी झालेली. ती त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

अकरा वर्षं. मला ती पेटी फक्त बाहेरून माहीत होती.

ती गेल्यावर मी म्हटलं, मला कधी दाखवली नाहीत.

"तू कधी मागितलीच न्हाईस," ते म्हणाले.

तो आठवडा मी कसा काढला ते मशीनला ठाऊक. दोन साड्यांचे फॉल उलटे लावले. घरी मी सारखी त्या बाईबद्दल बोलत होते आणि बोलत नाही असं दाखवत होते. बँकवाल्या लोकांना सगळं लगेच हवं असतं. चाचा म्हणे. भूपाल, म्हणजे आमचे हे, शांत माणूस, चौथ्या दिवशी जेवताना ते एवढंच म्हणाले, "घोडा खराच असला तर?"

"नसतो खरा," मी म्हटलं.

"पण असला तर?"

मी त्यांना आमटी वाढली. हवी होती का नव्हती, विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी ती माझ्याआधीच आली होती. या वेळी चटईवर बसली होती, स्टूल माझ्यासाठी मोकळं ठेवून. त्याचाही मला राग आला. दिलेलं स्टूल आणि आपलं स्टूल यात फरक असतो. इसाकभाईंसाठी तिनं बिनसाखरेची बिस्किटं आणली होती. त्यांना शुगर आहे हे मला अकरा वर्षं माहीत होतं आणि मी तिथं त्यांच्याच घरचा चहा पीत आले होते.

तिनं स्टीलचा छोटा डबा उघडला, कापूस बाजूला केला आणि घोडा आधी इसाकभाईंच्या हातात दिला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. त्यांनी घोडा ओंजळीत धरला, पाठीवरून अंगठा फिरवला, पायाखालून फिरवला. बराच वेळ. मग हात पुढे केला.

"माझी बोटं शुगरनं मेल्यात. मला काय कळत न्हाई. पद्मा सांगंल ते वरीस."

हे वाक्य ऐकायला मी अकरा वर्षं त्या घरी जात होते. तेही त्यांनी तिच्या घोड्यासाठी वापरलं.

मी भिंग काढलं. उचललेल्या खुराखाली एक उघडा ठिपका होता, झिलई नसलेला, तिळाएवढा. खाली बैठकीवर तसाच दुसरा. गवत घासून काढलं की असेच दोन डाग राहतात. काडी पाडली तरी असेच दोन डाग राहतात. फरक कडेला असतो. घासलेल्या डागाची कड नखाला लागते, फुटक्या बशीसारखी. भट्टीत झालेल्या डागाची कड गोल असते, कारण झिलई वितळून तिथंवर वाहत आलेली आणि थांबलेली असते. मी नख फिरवलं. ते कुठेच अडलं नाही.

आयाळीच्या रेघा मोजायची गरज नव्हती, तरी मोजल्या. सगळ्या होत्या. नाकपुडी एवढी खोल की तिच्यात सावली होती.

मला काय वाटलं ते नीट सांगते. मला आनंद झाला नाही. जो घोडा मी हळदीकुंकवाच्या घरांतून, भंगाराच्या ढिगातून, बेळगावच्या बाजारापर्यंत शोधला तो माझ्या हातात होता आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की तो डबा तिचा आहे. न शोधता, जन्मापासून. पाळण्यातच.

फळी पिशवीत होती. मी पिशवीला हात लावला नाही.

"घासलेला आहे," मी म्हटलं. "गवत होतं, काढलंय कुणीतरी. चौसष्ट-पासष्टचा."

"नक्की?"

"नक्की."

तिनं घोडा माझ्या हातातून घेतला. मग हसली. रडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे दादा बरोबर म्हणत होता," ती म्हणाली. "आणि आईनं ते स्वतःच घासलं असणार. मला दाखवायला. बिचारी." मग म्हणाली, "बरं झालं, एकदाचं कळलं."

तिनं डबा मिटला, पण घोडा त्यात ठेवला नाही. तो माझ्या मांडीवर ठेवला. मला आता घरी नेववणार नाही, म्हणाली, तुमच्याकडे एवढे घोडे आहेत, त्यांच्यात राहील. मी नको म्हणायला हवं होतं. मी तो रुमालात गुंडाळला.

ती गेल्यावर इसाकभाई चहा बशीत ओतून फुंकर घालत बसले. चहा कधीच निवला होता.

"फळी आणली न्हवतीस?" त्यांनी विचारलं.

"आणली होती."

"हं," ते म्हणाले.

मी निघताना ते दर वेळी म्हणायचे, "सावकाश जा गं." त्या दिवशी म्हणाले नाहीत.

संध्याकाळी घरी आले, दिवा लावला आणि फळी टेबलावर उभी धरली. मला अजून एक आशा होती. घोडा खिडकीतून आरपार गेला असता तर माझं नख चुकलं होतं आणि मी बोलले ते खरं होतं. जग कधी कधी असं सावरून घेतं. मी घोड्याचं नाक खिडकीत घातलं. कान वरच्या पट्टीला लागले. मी जरा तिरका केला. जाईना. मग मी ढकलला. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली तो घोडा अडकू नये म्हणून मी अंगठ्यानं ढकलत होते. मान खाली गेली, कान पट्टीखालून सटकले, आणि तो बसला. डोकं एका बाजूला, धड दुसऱ्या बाजूला. पुढेही जाईना, मागेही येईना.

भूपाल दारातून बघत होते.

"ओढू नकोस," ते म्हणाले. "कान जाईल."

"करवत आणा."

"आणतो. पण आधी ठरव, कुणाचा घोडा सोडवायचाय."

करवत त्यांनी आणली नाही, मीही मागितली नाही.

सकाळी मी ती फळी तशीच कडेवर घेतल्यासारखी घेऊन सांगलीच्या सिटी बसमध्ये चढले. शेजारी एक भाजीवाली बसली होती. तिनं दोन स्टॉप दम धरला आणि मग विचारलं, "घोडा अडकला व्हय ओ?"

"हो."

"मग सोडवायचा की."

"तिकडंच चाललेय," मी म्हटलं.

चारुशीलाचा पत्ता इसाकभाईंच्या वहीत तिनं लिहून ठेवला होता. मी तो आठवडाभर पाठ करून बसले होते, कशासाठी कोण जाणे. तिनं दार उघडलं तेव्हा ती बँकेत जायच्या तयारीत होती. डोळे सुजलेले. मी फळी पुढे केली.

तिनं आधीच्या गुरुवारी तीन घोडे आरपार जाताना पाहिले होते. त्यामुळे सांगायला काही नव्हतं. तिनं घोड्याचं नाक बघितलं, फळी उलटी करून शेपूट बघितली, मग हळूच बोटानं ढकलून पाहिलं.

"काल तुम्ही फळी काढली नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला आता तिची गरजच लागत नाही."

मला तिचं ओरडणं चाललं असतं.

"घरी गेल्यावर कळलं का तुम्हाला?" तिनं विचारलं.

सुटायला दार उघडं होतं ते असं. हो म्हटलं असतं तर चूक झाली असती, आणि चूक कुणाचीही होते. तिनं चहा केला असता.

"नाही," मी म्हटलं. "तिथंच कळलं होतं. हातात घेतल्या घेतल्या."

ती मागे सरकली. बसा म्हणाली नाही. मी उंबऱ्यातच राहिले.

"काल संध्याकाळी मी दादाला फोन केला," ती म्हणाली. "इचलकरंजीला. अठ्ठेचाळीस वर्षं भांडले त्याच्याशी यावरून. म्हटलं, तू खरा होतास, आई खोटं बोलायची. तो काही बोललाच नाही. मला वाटलं, जिंकला म्हणून गप्प आहे." तिनं पर्समधून मोबाइल काढला, नंबर लावला. "आता तुम्ही सांगा त्याला. मी नाही सांगणार."

"मी?"

"वर्ष तुम्ही सांगितलंत ना?"

तिकडून 'बोल चारू' असं आलं. तिनं एवढंच सांगितलं की एक बाई बोलतील, ऐक. आणि फोन माझ्या हातात दिला. दुसऱ्या हातात फळी होती.

"कोण?" जाड, थकलेला आवाज.

"मी पद्मावती शिरगुप्पे. मिरजेची. मी..." मला पुढचं सुचेना. "मी घोडे ओळखते."

"बरं."

"काल मी तुमच्या बहिणीला घोडा पासष्टचा म्हणून सांगितला. तो बासष्टचा आहे. दसऱ्याला कामगारांना वाटले, त्यातला."

"काल एक, आज एक. उद्या काय सांगाल?"

"उद्याही हेच."

"चूक झाली म्हणा की मग बाई. एवढं काय."

"चूक नव्हती. मी मुद्दाम सांगितलं."

"का?"

चारुशीला समोर उभी होती, हाताची घडी घालून. तिच्याकडे बघत मी म्हटलं, "मला तो हवा होता. आणि तो तिच्याकडे होता."

मग मीच बोलत सुटले, की घोडा फक्त साल सांगतो, पाळण्यात कुणी ठेवला ते सांगत नाही, कारखान्यातल्या दुसऱ्या कुणी आणून दिला असेल तर मला माहीत नाही, मी तेवढं छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"दुसऱ्या कुणी न्हाई," तो म्हणाला.

आवाज एकदम लहान झाला होता.

"त्यांनीच आणला. मी दारात होतो. मला वाटलं, मला पण काहीतरी असेल. हात पुढं केला होता मी. त्यांनी माझ्या डोक्यावरनं हात फिरवला आणि आत गेले. खिशातनं घोडा काढून पाळण्यात ठेवला." मग म्हणाला, "मला कशाला विचारता, का म्हणून खोटं बोललो."

मी काही विचारलं नव्हतं.

"चारूला द्या फोन."

मी दिला. निघून जायला हवं होतं, पण फळी सोडून जाता येईना आणि घेऊन जाणंही बरं दिसेना. ती ऐकत खुर्चीवर बसली. मग खुर्चीच्या कडेवर आली. एकदा म्हणाली, "तू होतास?" इतका मोठा माणूस पलीकडे रडत होता ते मला उंबऱ्यात ऐकू येत होतं.

तिनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"दसऱ्याला किती घोडे मिळाले होते? एकेकाला?"

"एक," मी म्हटलं. "माणशी एकच. चाळीसेकच धड निघाले होते."

"नक्की?"

काल तिनं हाच शब्द विचारला होता. मी फळी छातीशी धरली. घोड्याचं नाक माझ्या हाताला लागत होतं.

"नक्की."

तिनं फोनवरचा हात काढला.

"दादा," ती म्हणाली, "एकच मिळाला होता रे त्यांना."